ऊन मालकाचं, उजेड १३ रुपये युनिट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात सोलर बसवलेल्या घरांचे फोटो आले होते. त्यात संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका बंगल्याच्या गच्चीचा मोठा फोटो होता, ते काम माझं. मी फोटोत नाही. पण डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ पिवळी बादली दिसते ना, ती माझी. नटबोल्ट, क्लॅम्प, पॅनेलच्या वायरी जोडायचे एमसी-फोरचे कनेक्टर, सगळं तिच्यात असतं. त्या दिवशी ती तिथंच विसरली आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्यासाठी मला वाळूजहून पुन्हा यावं लागलं.

बिल जवळजवळ शून्यावर आलं, असं घरमालकांनी सांगितल्याचं फोटोखाली लिहिलं होतं. खरं आहे. स्थिर आकार तेवढा भरावा लागतो. माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही, त्या घरी मला दोन वेळा चहा, एकदा पोहे आणि मजुरी वेळेवर मिळाली. मला सांगायचंय ते माझ्या खोलीबद्दल. फोटोतल्या बंगल्यात वीज आता जवळपास फुकट आहे आणि ते पॅनेल खांद्यावर चढवणाऱ्याच्या खोलीत १३ रुपये युनिट.

माझी ओळख सांगतो. मी परळीजवळच्या गावचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन. वडील परळीच्या थर्मलमध्ये, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रात, राखेच्या ठेक्यावर होते. घराच्या ओट्यावरून केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसायच्या. रात्री त्यांच्यावरचे लाल दिवे लुकलुकायचे आणि खाली गावात भारनियमन. आजी म्हणायची, चूल आपल्या दारात अन् भाकरी दुसऱ्याच्या ताटात. १९७१ पासून चालू असलेलं ते केंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळानं बंद पडलं. कोळसा असून उपयोग नाही, वाफ करायला पाणी लागतं, हे तेव्हा सगळ्या तालुक्याला कळलं. वडिलांचा ठेका सुटला आणि त्याच वर्षी मी वाळूजला आलो. आधी कंपनीत कंत्राटी, मग घरांच्या वायरिंगची कामं. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून पूर्णवेळ सोलर. कोळशानं आमच्या घराला जेवू घातलं तसं आता ऊन घालतंय. त्यामुळे सोलर वाईट, असं मी म्हणेन असं कुणी समजू नये.

योजना चांगलीच आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान थेट खात्यात. देशात एक कोटी घरांवर सोलर बसवायचं आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये. गेल्या दोन वर्षांत मी गारखेडा, उल्कानगरी, ज्योतीनगर, सिडकोचे एन-सेक्टर सगळीकडे चढलो. कुणाच्या गच्चीवर तुळस आहे, कुणाच्या गच्चीवर पापड वाळतात आणि कुणाचं कुत्रं शिडी चढू देत नाही, हे मला पाठ आहे. एक गमतीचा फोन दर पावसाळ्यात येतोच. 'अहो, बाहेर एवढं ऊन आहे आणि घरात लाईट नाही, हे कसं?' लाईनमधली वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसेल, हे बसवताना तीनदा सांगितलेलं असतं. तरी फोन येतो. असो.

मी राहतो वाळूज एमआयडीसीला लागून असलेल्या रांजणगाव शेणपुंजीत. खाली मालकाचं घर, वर सहा खोल्या. परभणीचे दोघं भाऊ, जालन्याचं एक कुटुंब, सेनगावच्या एक ताई, बाकी आम्ही. मालकाच्या घराचं मीटर वेगळं आणि सहा खोल्यांचं मिळून दुसरं एक, तेही मालकाच्याच नावावर. प्रत्येक खोलीला तिचे युनिट मोजणारं चिनी सबमीटर आणि सहा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की पडणारा खटका. ते सगळे एमसीबी जिन्याखालच्या लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली मालकाकडे. शेगडी लावायची नाही, इंडक्शन लावायचं नाही, इस्त्री विचारून. पाच तारखेला लाईटचे पैसे दिले नाहीत तर सहाला संध्याकाळी खटका खाली. प्रीपेड मीटरवरून शहरात केवढी ओरड झाली! आम्ही कधीचेच प्रीपेड आहोत, फक्त रिचार्ज मालकाच्या हातात.

१३ रुपये ऐकून कुणालाही वाटेल की मालक लुटतोय. मलाही वाटायचं. मग एकदा मालकानं स्वतःच बिल दाखवलं आणि मी वहीत हिशेब मांडला. मे महिन्यात सहा खोल्यांचे मिळून ३८० युनिट. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांनी चढतो. शंभरपर्यंत स्वस्त, १०१ ते ३०० चा दर जवळजवळ दुप्पट, ३०० च्या पुढे आणखी चढा, ५०० च्या पुढे सगळ्यात महाग. वर स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. बिल होतं पावणेपाच हजारांच्या घरात. सहा खोल्यांकडून १३ रुपयांनी ४,९४० जमले. म्हणजे मालकाला दोनशे रुपये सुटले. पेटी, वायरिंग आणि दिवाळीला गावी जाऊन परत न येणारा एखादा भाडेकरू धरला तर तेवढेही नाहीत.

मग आमचे पैसे गेले कुठं? ते गेले टप्प्यात. पहिले शंभर युनिट स्वस्त ठेवलेत ते कुणासाठी? एक पंखा, दोन बल्ब आणि एक मोबाइल चार्जर असलेल्या घरासाठीच ना? आम्ही सहा घरं आहोत, पण मीटरला एकच घर दिसतं. शंभर स्वस्त युनिट सहा घरांत वाटले की माझ्या वाट्याला येतात सोळा-सतरा. मे महिन्यात माझ्या खोलीचे, कूलर धरून, ७८ युनिट झाले. मालकाला दिले १,०१४ रुपये. स्वतःचं मीटर असतं तर स्थिर आकार आणि शुल्क धरून सातशेच्या आत भागलं असतं. गरिबाची सवलत कुणी चोरली नाही. ती कागदावर सहा जणांना दिली आहे आणि पोचते एकाला.

इथपर्यंत मालकाचा दोष नव्हता. पुढची गोष्ट मात्र माझ्याच हातानं झाली.

गेल्या वर्षी होळीनंतर मालक म्हणाले, 'तू गावाच्या गच्च्या भरतो, आपली कधी भरशील?' मला कमिशन मिळणार होतं, मी लगेच हो म्हटलं. कोणत्या मीटरवर बसवायचं हेही त्यांनी मलाच विचारलं. धंद्याच्या सवयीनं मी सांगून टाकलं, ज्याचं बिल मोठं त्यावर बसवा. म्हणजे आमच्याच मीटरवर. सहा पॅनेल, एकेक अठ्ठावीस किलोचं. जिना अरुंद, वळणावर पॅनेल उभं धरून फिरवावं लागतं. परभणीच्या दोघा भावांनी हात लावला. सेनगावच्या ताईंनी सगळ्यांना लिंबूपाणी केलं. सहा खोल्या, सहा पॅनेल. संध्याकाळी अर्थिंगचा खड्डा बुजवताना मी त्या भावांना म्हटलं, आता आपलं बिल उतरणार. मला खरंच तसं वाटत होतं.

नेट मीटर लागलं, म्हणजे घेतलेल्या विजेतून पॅनेलनं लाईनला दिलेली वजा करून उरलेल्याचंच बिल. आमच्याकडे एक किलोवॅट दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो, तीन किलोवॅट महिन्याला साडेतीनशेच्या वर. मालकाचं बिल चारशेच्या आत आलं. पाच तारखेला सबमीटरचं रीडिंग घ्यायला त्यांचा मुलगा आला, वहीत आकडे लिहिले आणि हिशेब केला तेरानंच.

मी खाली गेलो. मालक टीव्ही बघत होते. मी म्हटलं, मालक, आता तुम्हाला वीज फुकट पडतेय, आमचा दर थोडा कमी करा. ते शांतपणे म्हणाले, 'अरे, छत माझं, कर्ज माझं, हप्ता माझा. ऊन काय तुझ्या खोलीत पडू राहिलं का?'

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. छत त्यांचंच आहे. बापाची जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशांतून त्यांनी या खोल्या बांधल्या. सगळा खर्च १ लाख ८५ हजार आला, अनुदान वजा जाऊन त्यांच्यावर लाखभराचा बोजा. महिन्याला साडेचार हजार हाती राहतात, दोन वर्षांत पैसे वसूल. पुढची वीसेक वर्षं त्या उन्हावर त्यांचंच नाव. पण त्या लाखाचा हप्ता आमच्या १३ रुपयांतून जातो आणि ७८ हजारांचं अनुदान सरकारी तिजोरीतून आलं, जिच्यात माझ्या साबणाच्या वडीवरचा करही आहे. परवाना नसताना वीज विकता येत नाही, असं २००३ च्या वीज कायद्यात आहे म्हणतात. ते कलम घेऊन मी मालकाशी भांडायला गेलो तर त्याच संध्याकाळी बिछाना डोक्यावर घेऊन दुसरी खोली शोधत फिरेन. तिथंही जिन्याखाली तसलीच पेटी असणार.

एक फायदा मात्र आम्हाला झाला, तो लपवत नाही. पॅनेलची सावली स्लॅबवर पडते. माझी खोली बरोबर त्याखाली. पूर्वी एप्रिलमध्ये रात्री अकरालासुद्धा भिंतीला हात लावला की चटका बसायचा, तो आता बसत नाही. जूनपासून या खोलीचं भाडं दोनशेनं वाढलं. खोली थंड झाली म्हणून.

सेनगावच्या ताई ब्लाऊज शिवतात. मिस्टर कंपनीत बारा तासांच्या पाळीला. मागच्या दिवाळीला त्यांनी मशीनला मोटर बसवून घेतली होती, मीच जोडून दिली. परवा त्यांचा होल्डर बदलायला गेलो तर ताई पायानं मशीन मारत होत्या. मोटर कपाटावर, पोलक्याच्या उरलेल्या कापडात गुंडाळून ठेवलेली. मी विचारलं, जळाली का? म्हणाल्या, 'जळाली नाही दादा. मोटर चालली की मीटर पळतंय. पाय चालले तर पायच दुखतेत, पैसे तर जात नाहीत.' त्या मोटरीचा खर्च दिवसाला सात-आठ रुपये. एका ब्लाऊजवर सुटतात किती, ते त्यांनाच ठाऊक. पण ती गुंडाळलेली मोटर त्यांच्या डोक्यावरच्या गच्चीतल्या सहा पॅनेलांपासून फार तर बारा फुटांवर आहे. बसवताना मी ते अंतर मोजलं नव्हतं, त्या दिवशी मनातल्या मनात मोजलं.

स्वतःचं मीटर का घेत नाही, असं वाचक विचारतील. घ्यायला गेलो होतो. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही, तिथल्या माणसानं माझ्याशी नीटच बोलणं केलं. तो म्हणाला, जागेचा उतारा आणा, नाहीतर भाडेकरार आणा, मालकाची ना हरकत आणा. आमच्या अख्ख्या गल्लीत भाडेकरार कुणाकडे नाही. भाडं रोख, पावती नाही, शब्दावर व्यवहार. आणि मालक ना हरकत देईल कशाला? भाडेकरू थकबाकी ठेवून पळाला तर ती जागेवर चढते, ही त्याची भीती खोटी नाही. आणि आता तर आमच्या मीटरवर त्याचा हप्ता चालतो. वीज कायद्याच्या ४३ व्या कलमात मात्र शब्द असे आहेत की जागेचा मालक किंवा तिथं राहणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तर जोडणी द्यायची. राहणारा म्हणजे मी. २०२४ च्या नियमदुरुस्तीनं तर मुदतही घातली, पालिका हद्दीत सात दिवस, ग्रामीण भागात पंधरा. पंधरा दिवस कागद पूर्ण झाल्यावर सुरू होतात. माझे कागद बारा वर्षांत पूर्ण झालेले नाहीत.

सरकारला गरीब दिसत नाही, असंही नाही. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापरणाऱ्या घरांसाठी राज्यानं सोलरचं जादा अनुदान काढलं. आमच्या सहा खोल्यांतली एकही शंभराला शिवत नाही, पण आमच्या मीटरवर ३८० दिसतात. म्हणजे सरकारी हिशेबात आम्ही चांगले सुखवस्तू. २०२५ च्या जुलैपासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत आली, कारण दिवसा सोलरची वीज भरपूर असते. त्या वेळेत आम्ही कंपनीत असतो, नाहीतर दुसऱ्याच्या गच्चीवर. आणि सवलत मिळालीच तर ती मालकाच्या मीटरला. बिडकीनला विजेवरच्या गाड्यांचे कारखाने येत आहेत, पोरं तिथं लागतील म्हणून खूश आहेत. माझ्या मेहुण्यानं विचारलं, इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ का? मी विचारलं, चार्ज कुठं करशील? तो जिन्याखालच्या पेटीकडे बघून हसला.

यावर काय करता येईल, हे मी थोडंफार सांगू शकतो. दिल्लीनं २०१९ मध्ये भाडेकरूंसाठी वेगळी मीटर योजना काढली. घरमालकाच्या ना हरकतीची अट नाही. भाडेकरार किंवा भाड्याची पावती आणि तीन हजार रुपये अनामत, की भाडेकरूच्या नावानं प्रीपेड मीटर. प्रीपेड असल्यामुळे थकबाकी राहतच नाही, म्हणजे मालकाच्या भीतीलाही उत्तर आहे. प्रीपेडला विरोध करणाऱ्यांचा मान राखून सांगतो, आमच्यासारख्यांना ते हवंय. आमच्याकडे मात्र पावतीसुद्धा नसते, म्हणून कंपनीचं ओळखपत्र, मुलांच्या शाळेचा दाखला, गॅसचं कार्ड यातलं काहीही राहण्याचा पुरावा म्हणून चालायला पाहिजे.

दुसरं, आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून तीन मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. तिथं शेतकऱ्यानं आपल्या घरावर पॅनेल चढवलं नाही. पॅनेल एका जागी, वीज फीडरवर म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या लाईनवर, पंप ज्याच्या त्याच्या विहिरीवर. उन्हाचा वाटा मिळायला स्वतःचं छत लागतंच असं नाही, हे सरकारनं तिथं स्वतःच दाखवलं आहे. मग रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर, वडगाव कोल्हाटी इथल्या खोल्यांसाठी तसंच एखाद्या सरकारी जागेवर का होऊ नये? प्रकल्प बाहेर, आणि त्याच्या युनिटांचा वाटा भाडेकरूच्या बिलात वजा. खोली बदलली तरी वाटा माणसाबरोबर जाईल. दिल्लीनं अशा वाटणीचेही नियम २०१९ मध्येच केले.

यातलं पहिलं झालं तरी पुरे आहे. नावावर मीटर असलं की शंभर युनिट आपोआप आपले होतात, त्यासाठी कुणाचं छत मागायला नको.

मालकाच्या मेव्हण्याच्या दोन गच्च्या बजाजनगरला आहेत. त्यांचंही काम मलाच मिळतंय असं दिसतं. त्याही बिल्डिंगीत वर खोल्या आहेत, चौदा. कोणत्या मीटरवर बसवायचं, हा प्रश्न ते मला विचारणार. या वेळी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

पत्र छापलंत तर माझं नाव छापू नका, एवढी विनंती. मालक तुमचाच पेपर घेतात आणि वाचून झाला की संध्याकाळी वर आमच्याकडे पाठवतात.

आपला,
एक सोलर फिटर,
रांजणगाव शेणपुंजी, ता. गंगापूर, जि. छत्रपती संभाजीनगर